फ्लोरेन्सला घेतली, व्हेनिसला सोडली: इटलीतली भाड्याची गाडी

गुरुवार: रोमहून फ्लोरेन्स

रोममध्ये गाडी घ्यायचीच नाही हे पुण्यात बसूनच ठरलं होतं. तेर्मिनी स्टेशनात रेंटलचे काउंटर आहेत, पण गाड्या स्टेशनबाहेर गॅरेजमध्ये असतात, तिथपर्यंत बॅगा ओढत जा, मग किल्ली घेऊन बाहेर पडलात की थेट रोमचं ट्रॅफिक, तेही उजव्या बाजूने. कशाला? रोमला आमचं पायी, मेट्रोने आणि आईंच्या गुडघ्यांसाठी अधूनमधून टॅक्सीने छान भागलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय बहात्तर, गाडीत मागच्या सीटवर बसून पुढच्या दोघांना सूचना देण्याचा अनुभव पन्नास वर्षांचा.

रोम ते फ्लोरेन्स फास्ट ट्रेनने साधारण दीड तास. गाडीने तीन तास, वर टोल, वर पेट्रोल, वर फ्लोरेन्समध्ये पार्किंग शोधा. इटलीत मोठ्या शहरातून मोठ्या शहरात जायला गाडी म्हणजे डोक्याला ताप, माझं तरी हे ठाम मत. गाडी हवी ती मधल्या खेड्यांसाठी, जिथे बस दिवसातून दोनदा येते आणि रविवारी तीही नाही. म्हणून प्लॅन असा की शुक्रवारी फ्लोरेन्सला गाडी उचलायची, टस्कनीत फिरायचं, सोमवारी व्हेनिसला सोडायची. एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडली की वन-वेचे पैसे जास्त लागतात, ते लागले, पण परत फ्लोरेन्सला येण्यातला वेळ आणि पेट्रोल धरलं तर मला ते महाग वाटले नाहीत.

वार मुद्दाम सांगतेय, कारण तिथे वाराला फार महत्त्व आहे. शहरातली रेंटलची ऑफिसं शनिवारी अर्धा दिवस, रविवारी एक तर बंद नाहीतर सकाळी थोडा वेळ, आणि काही ठिकाणी रोज दुपारी जेवायला बंद. एअरपोर्टवर हा प्रश्न नसतो. फ्लोरेन्सच्या पेरेतोला एअरपोर्टला स्टेशनजवळून टी-टू ट्राम जाते, वीसेक मिनिटांत पोचता, मग शटल बसने गाड्यांच्या आवारात जायचं. तो पर्याय खरं तर सोपा, तिथून हायवे लगेच सापडतो. पण आमचं हॉटेल सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळ आणि रेंटलवाल्यांची शहरातली ऑफिसं बोर्गो ओन्यीसांती नावाच्या रस्त्यावर नि त्याच्या आजूबाजूला, चालत दहा मिनिटं. शिवाय एअरपोर्टचा सरचार्ज वाचतो. नवऱ्याला सरचार्ज हा शब्द ऐकला की बरं वाटत नाही.

अडचण एकच, ही ऑफिसं झेडटीएलमध्ये. इटलीत गाडी चालवायची तर बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण हे वाचा. झेडटीएल म्हणजे जुन्या शहराच्या गाभ्यात परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी, पण तिथे ना गेट ना हवालदार, फक्त एक पांढरा गोल बोर्ड, लाल कडा, खाली बारीक अक्षरात वेळा, आणि वर कॅमेरा. कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. फ्लोरेन्सला सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते रात्री आठ, शनिवारी दुपारी चारपर्यंत, उन्हाळ्यात काही दिवस मध्यरात्रीही. दंड ८० युरोच्या वर, पाच दिवसांत भरला तर तीस टक्के सूट, पण परदेशी माणसाला पाच दिवसांत पाकीट मिळालं तर ना. आणि तीन कॅमेऱ्यांखालून गेलात तर दंड एकाहून जास्तही येऊ शकतात. रस्ता चुकून गोल फिरणाऱ्या माणसाचं काय होत असेल विचार करा. काही नाक्यांवर विजेचा बोर्ड असतो, त्यावर ‘वार्को अत्तिवो’ लिहिलेलं दिसलं की आत जायचं नाही. अत्तिवो वाचून लोकांना वाटतं रस्ता चालू आहे, जा खुशाल. चालू असतो तो कॅमेरा.

म्हणून संध्याकाळी जेवायच्या आधी आम्ही दोघं ऑफिसपासून बाहेरच्या रिंगरोडपर्यंतचा रस्ता पायी चालून आलो. आई म्हणाल्या, "गाडी घेणार आहात ना, मग चालताय कशाला?" पण खरं सांगते, त्या अर्ध्या तासाचा दुसऱ्या दिवशी फार उपयोग झाला. एकेरी कुठे, बस लेन कुठे, कॅमेरा कुठे, सगळं डोळ्यांखालून गेलं.

शुक्रवार: काउंटर, ओरखडे आणि बाहेर पडणं

बुकिंग साडेअकराचं घेतलं होतं, तेही हिशोबाने. भाड्याचा दिवस चोवीस तासांचा, म्हणजे शुक्रवारी साडेअकराला घेतली तर सोमवारी साडेअकराच्या आत द्यायची, तासभर उशीर झाला की अख्खा दिवस चढू शकतो. सकाळी दहाचं घेतलं असतं तर सोमवारी बोलोन्यातून अंधारात निघावं लागलं असतं.

काउंटरवर आमच्या पुढे एक अमेरिकन जोडपं आणि एक जर्मन कुटुंब. नवरा आईंना घेऊन समोरच्या ओन्यीसांती चर्चमध्ये गेला. तिथे बोत्तिचेल्ली या चित्रकाराला पुरलंय, आणि ज्याच्या नावावरून अमेरिकेचं नाव पडलं त्या अमेरिगो व्हेस्पुचीच्या घराण्याचंही हेच चर्च. एअरपोर्टलाही त्याचंच नाव आहे. माझ्या वाट्याला आला काउंटर, कारण चालवणार मी.

कागद काय लागतात: पासपोर्ट, आपलं लायसन, आंतरराष्ट्रीय परमिट आणि चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. परमिट मी संगम पुलाजवळच्या आरटीओतून काढलं होतं, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. आपलं लायसन इंग्रजीत आहे म्हणून चालेल असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, इटलीत युरोपबाहेरच्या लायसनसोबत ते मागतात आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर तेही मागतील. कार्डाचं तर त्याहून. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि नवऱ्याचं कार्ड नि बायको ड्रायव्हर असंही चालत नाही. त्यामुळे निघायच्या आधी माझ्या कार्डाचं लिमिट वाढवून घेतलं आणि बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार चालू केले. आपल्याकडे २०२० पासून नवीन कार्डावर ते मुळात बंदच असतात. काउंटरवर उभं राहून रोमिंगवर ॲप उघडायची वेळ कोणावर येऊ नये.

मग आला इन्शुरन्सचा भाग. इटलीत भाड्यात टक्कर आणि चोरी या दोन्हींचं कव्हर बहुतेक वेळा धरलेलंच असतं, पण त्याला फ्रांकिजिया असते, म्हणजे नुकसानीचा पहिला अमुक रकमेपर्यंतचा भाग तुमचा. आमच्या करारात तो हजार युरोच्या वर होता. तो शून्यावर आणायचा तर रोजचे वेगळे पैसे, आणि काउंटरवरची मुलगी ते विकण्यात चांगलीच तयार होती. तिने इतक्या गोड आवाजात फ्लोरेन्सच्या गल्ल्या किती अरुंद आहेत हे सांगितलं की मला वाटलं गाडी इथेच ठेवून बसने जावं. आम्ही बाहेरून वर्षभराची वेगळी पॉलिसी घेतली होती, ती निम्म्याहून स्वस्त पडते, पण मग काउंटरवाले डिपॉझिट जास्त अडकवतात आणि काही झालं तर आधी खिशातून भरा, नंतर क्लेम करा. वाचायची गोष्ट ही की काच, टायर, गाडीचं पोट, छप्पर आणि हरवलेली किल्ली हे साध्या कव्हरमध्ये सहसा नसतं. आणि ओरखडे पडतात ते नेमके रिमला, फुटपाथच्या दगडावर.

झेडटीएलचं मी सरळ विचारलं. ती म्हणाली, या गाडीचा नंबर आम्ही कळवतो, ऑफिसपासून बाहेर पडायच्या रस्त्यापुरती काळजी नको, पण इथून निघून दुओमो, म्हणजे मोठं चर्च, बघायला वळलात तर ते तुमचं. नकाशावर तिने निळ्या पेनने रेघ मारून दिली, कालच्या आमच्या चालण्याचीच रेघ.

गाडी ऑटोमॅटिक सांगितली होती. तिथे अजून गिअरच्या गाड्यांचा भरणा जास्त, ऑटोमॅटिक हवी तर बरीच आधी बुक करावी लागते आणि पैसे जास्त. डाव्या बाजूला बसून उजव्या हाताने गिअर टाकायचा खेळ मला नको होता. मिळाली फियाट पाचशे एक्स, लाल. आई एकदम खूष. गिरगावात लहानपण गेलेलं, त्यांच्या लेखी टॅक्सी म्हणजे फियाट. "आपल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची पुतणी दिसतेय," म्हणाल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा त्यांनी पेपरातलं कात्रण काढून ठेवलंय. नवऱ्याने सांगितलं की आई, रांजणगावच्या गणपतीला जाताना फियाटचा कारखाना लागतो तो यांचाच, तर त्यांना ते काही फार पटलं नाही.

आता गाडी बघणं. माणसाने कागद दिला, त्यावर गाडीचं चित्र आणि आधीच्या ओरखड्यांना फुल्या. फुल्या चार, प्रत्यक्षात मला सात दिसले. मी प्रत्येकाजवळ बोट ठेवून उभी राहिले, तो हसला, खांदे उडवले, पण फुल्या मारून सही केली. चारी रिम वाकून बघा, पुढच्या बंपरची खालची कड बघा, आरशांची पाठ बघा. नवऱ्याने गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला, शेवटी डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा आणि किलोमीटर. त्रिकोण आणि फ्लुरोसंट जाकीट आहे का तेही डिकीत बघितलं, वाटेत बंद पडलात तर ते घालूनच उतरायचं असतं. हे सगळं होईपर्यंत मागचे दोघे ताटकळले, ताटकळू देत.

निघाले. पहिल्याच वळणावर इंडिकेटर द्यायला गेले आणि वायपर सुरू. तिथे इंडिकेटर डावीकडच्या दांडीला, आपल्या मारुती-ह्युंदाईत उजवीकडे. पुढचे दोन दिवस टस्कनीत ऊन पडलेलं आणि आमची काच मात्र पुसली जातेय. आईंनी हे बघून, "पाऊस नाहीये गं," असं प्रत्येक वळणावर कळवलं.

रस्ता मात्र कालचाच. पोर्ता अल प्रातोकडून बाहेरचा मोठा रस्ता, वित्तोरिया पूल ओलांडून नदीच्या पलीकडे, मग जुन्या तटाच्या कडेने पोर्ता रोमाना, तिथून गालुत्सोकडे. एकदा शहराची वेस मागे पडली की गाडी चालवणं किती सोपं होतं! राउंडअबाउटला आतल्याला आधी जाऊ द्यायचं, मागचा माणूस फार जवळ येऊन चालवतो त्याकडे लक्ष द्यायचं नाही, शहराबाहेर दिवसाही लाइट लावायचे. एवढ्यावर निभतं.

इम्प्रुनेतावरून ग्रेव्हेला दुपारी जेवलो. तिथला चौक तिकोनी, मधे न्यूयॉर्कच्या बंदरात शिरलेल्या वेर्रात्सानोचा पुतळा, भोवती कमानी. सप्टेंबरचा शेवट म्हणजे द्राक्षांची तोडणी, छोटे ट्रॅक्टर ट्रेलर भरून रस्त्यावर, त्यांच्या मागून तीसच्या स्पीडने जायचं आणि ते आनंदाने जायचं. पान्झानोच्या पुढे आमचं फार्महाउस, शेवटचे दीड किलोमीटर पांढऱ्या खडीचा रस्ता. गाडीच्या पोटाला कव्हर नाही हे तेव्हाच आठवायचं असतं का? पहिल्या गिअरच्या वेगाने गेलो. रात्री मालकीणबाईंनी आईंसाठी पावाचे तुकडे नि टोमॅटो घातलेलं सूप केलं, आईंनी त्यात आपली शेंगदाण्याची चटणी घातली, मालकीणबाईंनीही चाखून बघितली आणि दुसऱ्यांदा घेतली.

शनिवार: सिएना

सिएनाला गाडी गावात नेता येत नाही आणि नेऊही नये, १९६० च्या दशकातच त्यांनी मधला भाग गाड्यांना बंद केलाय. सांता कातेरिना पार्किंगला लावली, तिथून एकावर एक सरकते जिने थेट गावाच्या उंचीवर नेऊन सोडतात. आईंना सिएनात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, पियात्सा देल काम्पो या चौकानंतर.

पार्किंगच्या रेघांचं एकदा सांगते. निळी रेघ म्हणजे पैसे, पांढरी फुकट, पिवळी दुसऱ्या कोणाची तरी, तिथे लावू नका. पांढऱ्यातही बोर्ड वाचा, कधी वेळेची मर्यादा असते आणि काचेमागे घड्याळाची तबकडी लावून ठेवायची असते, ती गाडीत असते. बोर्डावर दोन हातोडे आडवेतिडवे दिसले तर ते कामाचे दिवस, क्रॉस दिसला तर रविवार नि सुट्ट्या. शनिवार हातोड्यात येतो बरं का, आपल्याला वाटतं वीकेंड आहे, त्यांना तसं वाटत नाही. आणि रस्ता धुण्याचा दिवस लिहिलेला असतो, त्या रात्री गाडी उभी असेल तर उचलून नेतात.

संध्याकाळी कास्सिया रस्त्याने सान किरिकोला मुक्काम. बोर्ड निळे, म्हणजे टोल नाही. हिरवा बोर्ड दिसला की तो आउतोस्त्रादा, टोलवाला.

रविवार: वाल दोर्चा आणि मग हायवे

सकाळी बान्यो विन्योनी, छोटं गाव, गावाच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचं आयताकृती तळं. त्यात उतरायची बंदी आहे, नुसतं बघायचं. मग पिएन्सा. या सगळ्या खोऱ्याला २००४ साली युनेस्कोने वारसास्थळ केलंय, आणि सान किरिको ते पिएन्सा या रस्त्यावर दर पाचशे मीटरला कोणी तरी गाडी थांबवून फोटो काढतोय, अर्धी गाडी रस्त्यावर. इथे खरी सावधगिरी इटालियन ड्रायव्हरपासून नाही, आपल्यासारख्या पाहुण्यांपासून बाळगायची.

पेट्रोलचा काटा अर्ध्याखाली गेला होता आणि वार रविवार. खेड्यातला पंप, माणूस नाही. अशा वेळी एक उभं मशीन असतं. आधी मशीनमध्ये नोट घालायची, वीसची घातली, ती दोनदा बाहेर आली, तिसऱ्यांदा नवऱ्याने सरळ करून घातली तेव्हा गिळली. मग आपल्या पंपाचा नंबर दाबायचा, मग जाऊन नळी उचलायची. हिरवी नळी म्हणजे बेन्झिना, म्हणजे पेट्रोल. काळी म्हणजे गासोलियो, डिझेल. किल्लीवर किंवा झाकणाच्या आत लिहिलेलं असतं कोणतं ते, तिथे बघूनच घाला. मशीन सुट्टे परत देत नाही, टाकीत कमी बसलं तर पावती देतं, ती घेऊन पंपावर माणूस असेल तेव्हा या. सोमवारी व्हेनिसला असणारा माणूस कधी येणार परत? म्हणून गाडी परत द्यायच्या आधीचं शेवटचं पेट्रोल मशीनवर भरायचं नाही, माणूस असलेल्या पंपावर भरायचं. माणसाने भरून दिलं तर लिटरमागे जास्त पडतं, त्याला सेर्वितो म्हणतात, शेजारच्या सेल्फच्या रांगेत स्वतः भरलं तर स्वस्त.

दुपारी वाल दी कियानाला एवन हायवेला लागलो. मिलान ते नेपल्स, १९६४ साली पुरा झालेला. शिरताना तिकीट घ्यायचं आणि जपायचं, बाहेर पडताना त्यावर पैसे. तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबून आलात असं धरतात. आईंनी ते तिकीट स्वतःकडे मागून घेतलं आणि पर्समध्ये देवीच्या फोटोमागे ठेवलं, त्यामुळे मी निश्चिंत. पैसे भरायला पिवळ्या टेलेपासच्या लेनमध्ये घुसू नका, ती यंत्र बसवलेल्या गाड्यांची. हातावर नाणी काढलेली पांढरी पाटी म्हणजे रोख, निळी कार्डाची. चुकून भलत्या लेनमध्ये गेलात तर रिव्हर्स बिलकुल नको, बटण दाबून पावती घ्यायची आणि पंधरा दिवसांत भरायचे.

स्पीड १३०, पाऊस असेल तर ११०. तूतोर नावाची भानगड आहे, ती दोन ठिकाणांमधला सरासरी वेग काढते, त्यामुळे कॅमेऱ्यापुरतं हळू करण्याचा आपला एक्स्प्रेसवेवरचा जुना जुगाड तिथे चालत नाही. फ्लोरेन्सच्या पुढे डोंगर लागतो, रस्ता दोन होतो, पानोरामिका आणि दिरेत्तिस्सिमा. दुसरा २०१५ च्या डिसेंबरात सुरू झाला, बोगद्यांतून सरळ. आम्ही सरळ घेतला. घाटाची हौस आम्हाला वरंध्यात पुरते.

बोलोन्याला हॉटेल मुद्दाम रिंगरोडच्या बाहेर घेतलं होतं. आतलं घेतलं असतं तर हॉटेलला गाडीचा नंबर आधी कळवा, त्यांनी तो नोंदवला की नाही याची खात्री करा, हा व्याप. हॉटेलवाले नोंदवतात, पण नोंदवला असं तोंडी सांगितलं तर मेलवर लिहून मागा. शिवाय बोलोन्यात २०२४ मध्ये बहुतेक रस्त्यांना तीसची मर्यादा लावली होती. नवऱ्याचा भाचा मिलानला शिकतो, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामी, तुम्ही मिलानला गाडी आणू नका हां, इथे गावाच्या मधल्या भागात, एरिया सीमध्ये, शिरायचेच साडेसात युरो लागतात." आणणार नव्हतोच. रात्री बसने गावात जाऊन कमानींखालून फिरलो, तिथे म्हणे एकूण ६२ किलोमीटर कमानी आहेत, भर पावसातही छत्री लागत नाही.

सोमवार: पूल ओलांडून शेवट

साडेसातला निघालो. बोलोन्या ते पादोव्हा ए-तेरा, मग व्हेनिसकडे. पादोव्हाजवळ ट्रक इतके की उजवी लेन म्हणजे मालगाडीच. इथे बोर्डाकडे लक्ष हवं, ए-फोर सरळ धरून राहिलात तर २००९ चा बायपास तुम्हाला व्हेनिस टाळून त्रिएस्तेच्या दिशेने नेतो. वेनेत्सिया (म्हणजे व्हेनिसच) आणि मेस्त्रे (पुलाअलीकडचं गाव) लिहिलेल्या फाट्याने बाहेर पडायचं. टोलनाक्यावर आईंनी देवीमागचं तिकीट काढून दिलं.

मेस्त्रेलाच टाकी फुल केली, माणूस असलेल्या पंपावर, नळी आपोआप बंद पडेपर्यंत, आणि पावती ठेवली. पुलापलीकडे जाऊन पंप शोधू असं अजिबात म्हणू नका. पेट्रोल कमी दिलं तर ते भरतात तुमच्या पैशाने आणि वर सर्व्हिसचे लावतात. गाडीतला कचरा, पाण्याच्या बाटल्या, ग्रेव्हेच्या पावत्या सगळं तिथेच साफ केलं, सीटखाली आईंची जपमाळ सापडली.

मग लिबर्ता पूल, १९३३ चा, जवळजवळ चार किलोमीटर सरळ रेघेत पाण्यावरून. शेजारून १८४६ चा रेल्वेचा पूल, आणि आपल्याच रस्त्यावर रबरी टायरची ट्राम. मला आजूबाजूला बघायला मिळालं नाही, पण मागून आईंचं चालू, "काय पाणी आहे गं!" नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून. पूल संपताना उजवीकडे त्रोंकेत्तोचा फाटा, तिथे मोठं पार्किंग. आम्हाला सरळ, पियात्साले रोमा. व्हेनिसमध्ये गाडी जाऊ शकते ती इथपर्यंत, पुढे चाकच नाही.

हा चौक म्हणजे स्वारगेट. बस, ट्राम, टॅक्सी, बॅगा ओढणारी माणसं, सगळं एकाच वेळी एकाच दिशेने गोल फिरतंय. रेंटलची ऑफिसं म्युनिसिपालिटीच्या जुन्या गॅरेजमध्ये, आउतोरिमेस्सा कोमुनाले. इमारत १९३४ ची, युजेनियो मिओत्सी नावाच्या इंजिनिअरची, आत्ता ओलांडला तो पूलही त्याचाच. जवळच गाराज सान मार्को म्हणून दुसरं खासगी गॅरेज आहे आणि लोक घाईत तिथे शिरतात, मग पार्किंगचं तिकीट फाटतं. ‘रेंट अ कार’ची पाटी धरून जायचं, मॅप इथे पन्नास मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि पन्नास मीटरमध्ये सगळं बदलतं. नवरा म्हणतोय उजवीकडे, पाटी म्हणतेय सरळ, मागे बसवाला हॉर्न देतोय. मी पाटीचं ऐकलं.

अकराला दहा कमी असताना गाडी उभी केली. काउंटरवाला म्हणाला, किल्ली ठेवा, गाडी आम्ही नंतर बघू. हे मला मान्य नव्हतं. माझ्या समोर बघा म्हटलं. तो म्हणाला माणूस नाही. मी म्हटलं थांबते. पंधरा मिनिटं थांबलो, आई बॅगेवर बसल्या, मग एक जण आला, शुक्रवारचा कागद काढला, सात फुल्या मोजल्या, डावीकडच्या मागच्या रिमजवळ वाकून अंगठा फिरवला. माझा श्वास अडकला होता. ती फुली नंबर पाच. त्याने मान हलवली, सही करून दिली, टाकी फुल असं लिहून दिलं. तरीही जाताना परत एक व्हिडिओ काढला, काट्यासकट.

बाहेर पडून सांता लुचिया स्टेशनच्या बाजूला जायला कालात्राव्हा या आर्किटेक्टचा काचेचा पूल, २००८ चा, दिसायला झकास पण पायऱ्या. आईंचे गुडघे आणि चार बॅगा. म्हणून तिथूनच वापोरेत्तोत, म्हणजे पाण्यावरच्या बसमध्ये, बसलो. साडेनऊ युरोचं तिकीट, पंचाहत्तर मिनिटं चालतं. नवऱ्याने ते दर माणशी आहेत याची दोनदा खात्री करून घेतली.

नंतर, पुण्यात

डिपॉझिट सुटायला आठवडाभर लागला, तोपर्यंत ते कार्ड कपाटात. रेंटलचं फायनल बिल मेलवर आलं, त्यात जादा काही नव्हतं. दंडाचं मात्र एवढ्यात सांगता येत नाही. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते, आणि रेंटल कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याची फी कार्डावर वेगळी लावते, ती बहुधा आधी येते. ती आलेली नाही, म्हणजे बरं चिन्ह. आई तरी रोज खाली जाऊन पत्रपेटी उघडून बघतात, वॉचमनलाही सांगून ठेवलंय की परदेशी तिकिटाचं पाकीट आलं तर आधी मला द्यायचं, सूनबाईला नाही.